आला पक्कड घेऊन

शनिवारी सकाळी प्रभावतीचा फोन अडला आणि साहेबरावांचा चेहरा खुलला.

चाकणच्या कंपनीत त्यांनी सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये काढली होती. निवृत्त होऊन वर्ष उलटलं, पण हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. दापोडीच्या नवराबायकोच्या दोन खोल्यांत आता दुरुस्त करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मिक्सर त्यांनी दुरुस्त केला, तेव्हापासून झाकणावर कोपर दाबून उभं राहिल्याशिवाय तो फिरत नसे. पंखा फिरे, पण 'नाही, नाही' म्हणत मान हलवत फिरे. शेजारच्या इंदुताईंच्या बेलचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं, आणि ती आता साहेबरावांच्या घरात वाजत असे.

हातात पक्कड घेऊन ते गल्लीतून निघाले की भाजीवाला, रिक्षावाले, नळावरच्या बाया, कोणी ना कोणी एक ठसकेबाज चाल गुणगुणे आणि गालातल्या गालात हसे. एखाद्या नव्या सिनेमातलं गाणं असेल, असं समजून साहेबरावही हल्ली तीच चाल शिटीवर वाजवू लागले होते.

प्रभावतीच्या फोनला दोन दुखणी होती. एक, तो मध्येच गोठायचा. दुसरं जरा चमत्कारिक होतं. त्यात आपोआप परक्यांचे फोटो येत. कोणाची हार घातलेली मोटारसायकल, कोणाच्या वाढदिवसाचा केक, आणि एक गोबऱ्या गालांचं बाळ. हे बाळ त्या फोनमध्येच पालथं पडलं होतं आणि फोनमध्येच रांगायला लागलं होतं.

"व्हायरस हाय हा," साहेबरावांनी निदान केलं होतं.

"असू दे. गोड आहे व्हायरस," प्रभावती म्हणाली होती.

पण आज स्क्रीन जागची हलायलाच तयार नव्हती. प्रभावती चप्पल पायात सरकवत म्हणाली, "अहो, मी विहारात चाललेय. उद्याची झाडलोट, सजावट सगळं बाकी आहे. फोनला हात लावू नका. संध्याकाळी मी ज्योतीरामच्या दुकानात नेते."

"मी कशाला हात लावतोय?" साहेबराव म्हणाले. चष्मा तोवर नाकावर आलेला होता.

उद्याचा दिवस साधा नव्हता. वर्षावासाचा, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या व्रताचा, समारोप होता आणि विहारात महिला मंडळाची गाणी होती. लग्न होऊन दापोडीत आल्यापासून प्रभावती कोरसमध्ये होती. पुढे माईकजवळ इंदुताई आणि मागच्या रांगेत टाळ्या वाजवत ही. यंदा इंदुताईंनीच सांगितलं होतं, "प्रभा, मागं उभं राहून लई झालं. उद्या तू एकटीनं म्हणायचं, आन् तुझं स्वतःचं म्हणायचं." गाणं कशावर आहे हे प्रभावतीने घरात सांगितलं नव्हतं. लिहून ठेवायचा तिला कंटाळा. पोळ्या लाटताना कडवं सुचलं की ती फोन ओट्यावर उताणा ठेवून त्यात भरून ठेवी, आणि साहेबराव बाहेर गेले की ऐकून ऐकून तयारी करी. गाणं फोनमध्ये आहे, एवढंच साहेबरावांना ठाऊक होतं.

आणि म्हणूनच त्यांनी हात लावला. उद्या ऐन वेळी फोन अडला तर बिचारीची तयारी कशी होणार?

स्वतःच्या फोनवर त्यांनी दुरुस्तीचा एक व्हिडिओ पाहिला. दोन बटणं एकदम दाबून धरायची होती. हे त्यांना फार पटलं. कंपनीत प्रेसलाही दोन बटणं असत. दोन्ही हात त्यावर असल्याशिवाय प्रेस खाली येत नसे, त्यामुळे कोणाची बोटं जात नसत. त्यांनी बटणं दाबली. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या आणि त्यांत 'फॅक्टरी रिसेट' हे शब्द दिसले. परमुलखात गाववाला भेटावा तसा त्यांना आनंद झाला. सगळी माहिती पुसली जाईल, असंही फोनने बजावलं. ते वाचून साहेबराव नुसते हसले. अडलेलं मशीन झिरोवर आणणं हे त्यांचं रोजचं काम होतं. मशीन झिरोवर आणलं म्हणून काल काढलेला माल पेटीतून नाहीसा होतो का कधी? माल मालाच्या जागी, मशीन मशीनच्या जागी. त्यांनी 'यस' दाबलं.

फोन झळाळून उठला आणि कोणत्या भाषेत बोलू, म्हणून अदबीने विचारू लागला. साहेबराव खूश झाले. मग त्याने या फोनवर पूर्वी असलेलं खातं विचारलं आणि तिथेच ठाण मांडलं. पुढे जाईना, मागे येईना. साहेबरावांनी ताथवड्याला नोकरी करणाऱ्या मुलीला, मैत्रीला फोन लावला.

"पप्पा, काय केलंत?" तिने पहिलाच प्रश्न विचारला.

"काय न्हाई. आईचा फोन साफ केला."

"साफ म्हणजे?"

"फॅक्टरी रिसेट."

पलीकडे इतकी शांतता पसरली की साहेबरावांना वाटलं आपलाही फोन अडला.

"पप्पा, आईची सगळी गाणी होती त्यात! तिने दुसरीकडे कुठेच ठेवलेली नाहीत."

"पण माल पेटीत असंल ना?"

"कसली पेटी? पुसलं सगळं तुम्ही! आता जुनं खातं घातलं आणि बॅकअप असला, तरच परत येईल. आईचं खातं कोणतं होतं?"

"पोस्टात हाय."

"पप्पा!" मैत्रीने दीर्घ श्वास घेतला. "गुगलचं खातं. हा फोन घेतला तेव्हा चालू कोणी करून दिला होता?"

"ज्योतीरामनं."

"मग पळा त्याच्याकडे."

इतक्यात बेल वाजली. साहेबरावांना वाटलं, प्रभावतीच आली. त्यांनी फोन तांदळाच्या डब्यात खुपसला आणि दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. इंदुताईंकडे पाहुणे आले होते.

ज्योतीरामचं मोबाईलचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला होतं. मनुष्य गोड बोलणारा, पण साहेबरावांनी फोन पुढे ठेवून काय घडलं ते सांगताच त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"काका, जुना झालाय फोन. नवा घ्या की राव."

"नव्यात गाणी येतील का?"

"मग उद्या या. आज गर्दी हाय."

दुकानात एक बाई सोडली तर चिटपाखरू नव्हतं. साहेबराव काउंटरला टेकले. "ज्योतीराम, आयुष्यभर ती मागं उभी राह्यली रे. आदी माझ्या शिफ्टच्या मागं, मग मंडळात मागच्या रांगेत. उद्या पयल्यांदा पुढं यायची होती. आन् मी तिचं गाणंच पुसलं. आता कुठल्या तोंडानं घरी जाऊ?"

ज्योतीरामने त्यांच्याकडे पाहिलं, फोन उचलला आणि पाठ वळवून काहीतरी टाकलं. फोन उघडला. साहेबरावांची मेंटेनन्सची नजर. त्यांच्या लक्षात आलं की गड्याने ना काही शोधलं, ना काही आठवलं.

"तुला आमच्या हिचा पासवर्ड पाठ हाय?"

"काकूंचा न्हाई, काका." ज्योतीराम खाली पाहत म्हणाला. "माझाच हाय. दुकान नवीन होतं तवा. लोकांना ईमेल विचारला की म्हणायचे, ते तूच टाक काहीतरी. रोज नवीन कुठून आणू? मी माझंच टाकत गेलो."

"समद्यांच्या फोनात?"

"पयल्या पयल्या गिऱ्हाइकांच्या. तुमचा मैत्रीताईनं चालू केला म्हणून वाचला."

आजवर या फोनात नावं येण्याचं बटण बंद होतं; रिसेटने ते चालू झालं आणि नावं उतरू लागली. सगळ्या गिऱ्हाइकांनी साठवलेली नावं, एकाच फोनात. खात्री करावी म्हणून साहेबरावांनी आपला नंबर शोधला. प्रभावतीने तो 'अहो' म्हणून ठेवलेला होता. पण पडद्यावर 'अहो' खाली 'अहो', त्याखाली आणखी 'अहो' अशी रांगच लागली. त्यांनी पहिल्यावर बोट ठेवलं. खिशातला फोन वाजला नाही. उलट पलीकडून एक जाड आवाज आला.

"कोन बोलतंय?"

"तुम्ही कोण?"

"फोन तुमी केलाय का मी?"

"मी अहोला लावलाय," साहेबराव गोंधळून म्हणाले. "म्हंजे तुम्ही अहो. तसा मी पण अहोच."

"सकाळी सकाळी घेतली का राव?" म्हणून पलीकडच्या अहोंनी फोन ठेवून दिला.

मग फोटो आले, केक आले, मोटारसायकल आली. आणि एकापाठोपाठ एक असे व्हिडिओ आले की सगळ्यांत नुसतं छत आणि 'नाही, नाही' म्हणणारा पंखा. साहेबरावांनी तो पंखा तत्काळ ओळखला. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी एक व्हिडिओ लावला. लाटण्याच्या ठेक्यावर प्रभावतीचा मोकळा आवाज दुकानभर झाला:

"आला पक्कड घेऊन बाई, आला पक्कड घेऊन..."

आणि चार्जर निवडत असलेली ती बाई वरही न पाहता पुढची ओळ म्हणाली:

"बरा चालला मिक्सर माझा, ठेवला खोलून!"

साहेबराव वळले. बाईच्या कडेवर गोबऱ्या गालांचं बाळ होतं. फोनमध्ये रांगायला लागलेलं, तेच.

"हे गाणं तुम्हाला कसं ठाऊक?"

"आमच्या फोनात येतंय की," बाई म्हणाली. तिचं नाव स्नेहल. "फोनसंगट फुकट मिळतंय वाटतं. आमच्या आळीत समद्यांकडं हाय. कुणाचा नवरा हाय देवाला ठावं, पर लई हसतो आमी."

साहेबरावांची कानशिलं तापली. भाजीवाला का हसतो, रिक्षावाले काय गुणगुणतात, सारा उलगडा झाला. आणि आपण महिनाभर ती चाल शिटीवर वाजवत हिंडलो!

"काका, पुढंबी हाय गाणं. शेवटचं कडवं ऐका," ज्योतीराम म्हणाला.

"एवढं पुरे," म्हणून साहेबराव पायऱ्या उतरले.

रस्त्याच्या कडेला ते फोन हातात धरून उभे राहिले. उद्या अख्ख्या विहारासमोर ती हे म्हणणार. ओळखीपाळखीचे, कंपनीतले जुने लोक, सगळे असणार. आणि गाणं तर त्यांच्या मुठीत होतं. एक बोट टेकवलं की गेलं. फोनच बिघडला होता, म्हणता आलं असतं. त्यांनी बोट नेलंही. पण सकाळपासून त्या गाण्यासाठी त्यांनी जी धावाधाव केली होती, ती त्यांना आठवली. लाटण्याचा ठेकाही आठवला. इतक्या वर्षांत तिचा एवढा मोकळा आवाज त्यांनी घरात कधी ऐकला नव्हता. ऐकणार कसे? ते घरी असले की ती गप्प आणि यांचा हातोडा चालू. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी फोन खिशात टाकला.

प्रभावती घरी आली होती. "हात लावलात ना?"

"थोडासा."

तिने फोन चालू केला. गाणी जागेवर होती. तिचा चेहरा उजळला. मग तिने कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, हे एवढे अहो कुठून आले?"

"व्हायरस हाय," साहेबराव म्हणाले आणि मिक्सरचं झाकण दाबून धरायला उगीचच ओट्याशी जाऊन उभे राहिले.

रविवारी विहार गच्च भरला होता. साहेबराव मागच्या भिंतीला, खांबाच्या आडोशाने बसले. मैत्री त्यांच्या शेजारी होती. पांढऱ्या साडीतली प्रभावती माईकपुढे आली, पदर सारखा केला आणि तिने सुरुवात केली.

"आला पक्कड घेऊन बाई, आला पक्कड घेऊन..."

"बरा चालला मिक्सर माझा, ठेवला खोलून!" अर्ध्या विहाराने उत्तर दिलं.

प्रभावती दचकली. हे गाणं ओट्यापलीकडे कोणी ऐकलेलं नाही, अशी तिची समजूत होती. तिने पंख्याचं कडवं घेतलं, लोकांनी तेही टाळ्यांवर झेललं. बेलचं कडवं आलं, तेव्हा तर इंदुताईंना हसता हसता ठसका लागला. माना एकेक करून खांबाकडे वळू लागल्या. कोणाचा नवरा, ते आता सगळ्यांना कळलं होतं. साहेबराव खाली मान घालून फरशी मोजत होते.

आणि तेवढ्यात गाणं थांबलं. एवढ्या माणसांना आपलं गाणं पाठ कसं, या गोंधळात प्रभावती शेवटचं कडवं विसरली होती. तिने ओठ हलवले, डोळे मिटले, पदराचं टोक पिळलं. काही केल्या आठवेना. प्रभा, म्हण, वाटेल ते म्हण माझ्यावर, पण म्हण, असं साहेबरावांना ओरडावंसं वाटलं.

मधल्या रांगेतून स्नेहल उठली. बाळाला खांद्यावर घेऊन तिने बारीक आवाजात ओळ लावली. मग शेजारच्या दोघींनी, मग सगळ्या बायकांनी. प्रभावतीला धागा सापडला आणि सगळ्यांच्या वर तिचा आवाज चढला:

"खोलू दे की, मोडू दे की, काय माझं गेलं?
शिफ्ट संपून एकदाचं माणूस घरी आलं,
बाई गं, माणूस घरी आलं!"

साहेबरावांनी डोळे पुसायला खिशात हात घातला. रुमाल नव्हता, पक्कड होती. शेवटी त्यांनी बाहीनेच डोळे पुसले. टाळ्या थांबत नव्हत्या आणि प्रभावती माईकपाशी उभी राहून त्या घेत होती.

बाहेर खिरीच्या रांगेत ज्योतीरामही होता, तिथे तिला सगळा प्रकार कळला. ती आधी ज्योतीरामवर कडाडली, मग बाळ दिसलं तशी त्याला उचलून म्हणाली, "अगं बाई, हा आमचा व्हायरस! उभा राहायला लागला का?"

"आई, हे असं एका खात्यावर सगळ्यांनी राहणं बरोबर नाही," मैत्री म्हणाली. "उद्या मी तुझा फोन नीट रिसेट करते आणि तुझं वेगळं खातं काढते."

साहेबरावांनी झटकन फोनवर हात ठेवला.

"अजिबात न्हाई. चालू मशीन खोलायचं नसतं."

प्रभावती त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग तिने फोन काढून घेतला, आभाळाकडे धरला आणि रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. नवं कडवं सुचलं होतं. सोमवारी सकाळी साहेबराव भाजी आणायला निघाले, तोवर ते भाजीवाल्याला पाठही झालं होतं.