धुळीशी बोलणारा मारुती

आमच्या हिने आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादर झटकणं. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. गोव्यात, डिचोलीच्या खाणपट्ट्यात आमचं घर रस्त्याला लागून. खनिजाचे ट्रक गेले की चादर, ओसरी, केळीची पानं, सगळं तांबडं. हिला दमा. नाकाला पदर लावूनच झटकायची. तेवढ्यात रस्त्यावरून मारुती ओरडला, "काकी, तुमी आत जावा. काका, आजारी माणसाच्या नाकात धूळ घालताय व्हय?"

हा मारुती चंदगडचा. रस्त्यावर पाणी मारायच्या टँकरचा ड्रायव्हर. पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं, प्यायलाय. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन धुळीला सांगत होता, "बस गं बाय, खाली बस. दिसभर हिंडलीस." दारू कसली, पानसुद्धा खात नाही.

फेऱ्या किती मारायच्या ते खाणवाले ठरवत. मारुती आमच्या फणसाचं पान बोटाने पुसायचा. बोट तांबडं निघालं तर आणखी एक फेरी. हिची कोकमाची सोलं दारात वाळत असली तर टँकर थांबवून उतरायचा, सोलांवर ताडपत्री घालायचा, मगच पाणी मारायचा. मागे दहा ट्रक हॉर्न वाजवत, ड्रायव्हर आईबापावर येत. हा शांत. "काकीची सोलं हायत, दम धरा."

मी म्हणायचो, "कामावरून काढतील तुला."

"काढूदेत. काकीकडं जेवाय येतो."

"यो," ही म्हणायची, "पण पांय धुवून यो."

चादर झटकली त्याच दुपारी हिला दम लागला. इस्पितळात पोचेपर्यंत गेली.

मला रडू आलं नाही. एकच डोक्यात. मसणापर्यंत रस्ता ट्रकांचा. ट्रक थांबले तरी चाललं की धूळ उठते. जन्मभर पदराआड जपलेलं तोंड आता उघडं, त्याच्यावर ती धूळ बसणार.

संध्याकाळी तिरडी उचलली आणि बघतो तर पुढे टँकर. ड्युटी संपलेली, तरी मारुती माणसाच्या चालीने पाणी मारत चाललेला. चिखलात भटजी घसरले, धोतर गुडघ्यापर्यंत तांबडं. मसणात पोचल्यावर त्याच्यावर तापले, "कोणी सांगितलं रे तुला?"

"कुणी न्हाय. माझ्या आईला नेली तवा मी हितं फेरीवर हुतो. पोचलो न्हाय."

हिच्या तोंडावर एक कण नव्हता. मी वाकून बघितलं. उपकार मोठे. तोंडावर सांगायला मला जमत नाही, म्हणून लिहितो.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. मी सहाला उठून रस्त्यावर उभा राहिलो. टँकर थांबला.

"काय काका?"

"एक फेरी तुझ्याबरोबर येतो."

त्याने हात पुढे केला.

"मी सुतकात आहे. शिवलास तर आंघोळ करावी लागेल."

"मागं टँकरभर पाणी हाय की."

मी त्याचा हात धरला आणि वर चढलो.