फाटकाजवळची पावलं

मुलांनो, आमच्या शेजारचे दिगंबरराव कुणाकडे गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, फरशीकडे बघतात. परवा मी नुकतीच फरशी पुसली होती. ते दारातच थबकले, खिशातून टेप काढून खाली वाकले आणि म्हणाले, "वहिनी, डावा गुडघा दुखतोय, आणि तुम्ही कुणाला सांगितलेलं नाही. डावं पाऊल जपून टाकताय."

गुडघा खरंच दुखत होता. तुमच्या आईला सांगू नका.

दिगंबरराव भूगर्भशास्त्रज्ञ. सगळी नोकरी दगडात उमटलेली प्राचीन प्राण्यांची पावलं शोधण्यात गेली. डायनोसॉर म्हटलं की तुम्हाला हाडांचे सांगाडे आठवतात, पण दिगंबररावांना हाडांचा राग आहे. "हाड मेल्याचं, पाऊल जित्याचं," असं ते दिवसातून चारदा म्हणतात. हाडावरून कळतं की प्राणी मेला. पावलावरून कळतं की तो एकदा चिखलातून निघाला होता, घाईत होता, घसरला आणि सावरला. पावलाची लांबी चौपट केली की कमरेपर्यंतची उंची साधारण कळते. पावलांमधलं अंतर वाढलं की समजावं, स्वारी पळतेय. शेपटी फरफटल्याची रेघ सहसा सापडत नाही, म्हणजे शेपटी उचलून धरलेली असणार. हे शेवटचं ते हात मागे ताठ धरून जिन्यात चालून दाखवतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तेव्हापासून लिफ्टनेच जातात.

त्यांचं एक दुःख आहे. "जन्म हैदराबादेत काढला आणि इथं सगळा ग्रॅनाइट! ग्रॅनाइटवर हत्ती नाचला तरी पाऊल उमटायचं नाही."

मग ते घरोघरची पावलं तपासतात. दरवर्षी मी गौरीची पावलं काढते, फाटकापासून थेट देवघरापर्यंत, रांगोळीने, एका ओळीत. गेल्या वर्षी दिगंबरराव सबंध ओळ वाकून बघत आत आले आणि हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांसमोर म्हणाले, "वहिनी, तुमच्या गौरीला दोन्ही पाय डावे आहेत. शिवाय ही चालत आलेली नाही, उड्या मारत आलीय."

मी आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली. त्या दिवशी मी त्यांना पुरणपोळी उशिरा वाढली.

तर यंदाची गोष्ट. आमच्या हिमायतनगरच्या बिल्डिंगमध्ये फाटकाजवळ जुन्या सिमेंटचा एक तुकडा आहे. सिमेंट ओलं असताना कुणीतरी त्यावरून चालून गेलं होतं, मी इथे राहायला येण्याच्या बरंच आधी. सेक्रेटरी रेड्डीगारूंनी ठरवलं, तो तुकडा फोडून टाइल्स बसवायच्या. दिगंबररावांनी चार पानी अर्ज केला. विषय: अज्ञात द्विपाद प्राण्यांच्या पाऊलखुणांचे जतन.

"सार, पाँच-पाँच उंगलियाँ हैं," रेड्डीगारू कपाळावर हात मारून म्हणाले. "अज्ञात कायकू बोल रै?"

"पुराव्याशिवाय मी नाव घेत नाही," दिगंबरराव म्हणाले. अर्ज नामंजूर झाला.

गवंडी मस्तानभाई हातोडा घेऊन आले तो दिवस नेमका गौरींच्या आवाहनाचा. मी रांगोळीचा डबा घेऊन फाटकाशी गेले, तर दिगंबरराव त्या तुकड्याच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेले. मस्तानभाई कडेच्या बाजूने सिमेंट कालवून ओतत होते आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होते, "उठो ना साब."

"भाऊजी, लोक हसतायत," मी म्हटलं.

ते उठले, खुर्ची बाजूला केली आणि पहिल्यांदाच टेप न काढता नुसतं बोट दाखवलं. "हे बघा. बाई. अनवाणी. शेजारी मूल, तीनेक वर्षांचं. इथे मूल थांबलंय, बोटं रुतलीत. हट्ट. बाईचं पाऊल मागे वळलंय. आणि इथून पुढे लहान पावलं नाहीतच."

"मग मूल गेलं कुठे?"

"मोठी पावलं बघा. इथून खोल झालीत. उचलून घेतलंय तिला."

"तिला?"

दिगंबरराव चष्मा पुसायला लागले. त्यांची मुलगी मेलबर्नला असते. बायको मी इथे आले त्याच वर्षी वारली. मी त्या बाईंना दोनदाच पाहिलं होतं, चप्पल हातात धरून बागेत फिरताना.

मी रांगोळीचा डबा बंद केला. घरातून हळदकुंकू आणलं, गुडघ्याची पर्वा न करता खाली बसले आणि ती पावलं एकेक करून भरली. लहानसुद्धा. तेवढ्यात रेड्डीगारू तरातरा आले, बघितलं आणि चपला काढून हात जोडून उभे राहिले.

"अम्मा, लक्ष्मीअम्मवारू आये क्या इदर से?"

"आई होत्या," मी म्हटलं. मी खोटं बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे.

"मस्तान! इसकू छोड के टाइल्स डालो," असं फर्मान सोडून रेड्डीगारू गेले.

दिगंबरराव पावलांची ओळ निरखत राहिले. "उजवं, डावं, उजवं. यंदा बरोबर आलीय गौर," ते पुटपुटले.

मी सहज विचारलं, "आणि तुमची पावलं कुठेत यात?"

"माझी नाहीत. मी टूरवर होतो." मग म्हणाले, "कच्छमध्ये. पावलं शोधत."

कडेला मस्तानभाईंनी ओतलेलं सिमेंट अजून ओलं होतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "चप्पल काढा."

"अरे साब, गीला है!" मस्तानभाई ओरडले.

"रहने दो, मस्तानभाई."

दिगंबररावांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि उजवा पाय हळूच त्या मोठ्या पावलांच्या शेजारी ठेवला. मग डावा. बराच वेळ ते तसेच उभे राहिले, त्यामुळे पावलं चांगली खोल उमटली.

टेप खिशातच होती. त्यांनी ती काढली नाही.