कुणाच्या हातचं?

आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या गोधड्या पाहिल्या, तर हे मुलांचं हॉस्टेल आहे यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. एकीच्या कोपऱ्यात ‘शोभा मारुती, इस्लापूर’, दुसरीवर ‘जनाबाई गंगाराम, धर्माबाद’, तिसरीवर नुसतंच ‘आज्जी, उदगीर’. ही अक्षरं आमचे रेक्टर बसलिंगप्पा यांची. धोब्याकडून बिब्बा आणायचा, काडीनं लिहायचं. बिब्ब्याची खूण कितीही धुतली तरी जात नाही.

नवा मुलगा आला की ट्रंक खोलीत जायच्या आधी त्याची वाकळ अप्पांसमोर उलगडायची. मुलगा स्वतःचं नाव सांगू लागला की अप्पा हात वर करत. “तुजं न्हाई. हिला शिवली कोन, तिचं सांग.”

लातुरात क्लासेसचं पीक जोरात आलं होतं, तेव्हा मी मुदखेडहून एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायला आलो. राहायला त्याच क्लासच्या हॉस्टेलात तळमजल्यावर खोली मिळाली, आणि शेजार मिळाला अप्पांचा. मुलांची नावं त्यांच्या डोक्यात राहत नसत, वाकळीवरची राहत. “ए शोभा मारुती, नळ बंद कर की,” असं ते पहाटे ओरडले की दाढी फुटलेला एक दांडगा मुलगा निमूट नळाकडे जाई. पोरं आधी चिडली, मग सरावली. शेवटी तीच एकमेकांना सांगू लागली, की जनाबाईला या टेस्टला फिजिक्समध्ये पैकीच्या पैकी पडले.

एकदा धर्माबादहून त्या मुलाचे वडील भेटायला आले. अप्पा म्हणाले, “म्हंजे जनाबाई गंगाराम. दुसरा मजला, खिडकीजवळ. सकाळपासून अंघोळ न्हाई.” त्या भल्या गृहस्थानं जन्मात बायकोचं नाव घेतलं नव्हतं, ते परक्या माणसाच्या तोंडून असं ऐकल्यावर तो पायरीवर बसलाच. मी पाणी दिलं.

“कुनाच्या हातचं?” हा अप्पांचा कायमचा प्रश्न. हॉटेलात भजी खाल्ली की ते सरळ आत भट्टीपाशी जात आणि बाहेर येऊन मला सांगत, “दस्तगीर नाव हाय. हुमनाबादचा.” मग भजी अधिक चवीनं खात. एकदा माझ्या नव्या शर्टाची बाही धरून त्यांनी तेच विचारलं. मी म्हटलं, कंपनीचा आहे.

“कंपनीला हात असतेत व्हय, सर?”

तेव्हापासून नवा शर्ट घातला की मी मागच्या दारानं क्लासला जातो.

अप्पांचं गाव भूकंपात गेलं. ते शेतात जागलीला होते, म्हणून घरातले एकटे वाचले. हे मला इतरांकडून कळलं. ते स्वतः ‘आमच्या घरची’ असं म्हणून थांबत आणि भाजीच्या भावाकडे वळत. नव्या गावात त्यांना घर मिळालं होतं, त्याला कुलूप लावून ते लातुरात आले. का, असं विचारलं तेव्हा म्हणाले, “पाटी हाय त्याच्यावर. दिलं कुनी, ते लिवलंय. बांदलं कुनी, त्याचा पत्ताच न्हाई.”

आता गंमत अशी, की सगळ्या हॉस्टेलात एकच वाकळ बिननावाची होती, आणि ती खुद्द अप्पांची. मला चौकसपणाची खोड आहे. एके दिवशी विचारलंच.

“मदतीच्या ट्रकातनं आलती,” अप्पा म्हणाले. “भूकंपाच्या टायमाला. कुठून, म्हाईत न्हाई. हितं हात लावून बगा.”

कोपऱ्यात बोटांना काहीतरी टणक लागलं.

“घास हाय त्यो. वाकळ पुरी व्हायच्या आदी भाकरीचा तुकडा आत शिवत्यात. उपाशी ठिवू न्हाई वाकळ. लोक जुनं धुडकं देतेत सर, द्यायचं म्हनून. ही जिनं शिवली, तिनं घरात पांघराय केलेली दिली. एकदा भेटून सांगावं वाटतंय, वाकळ पोचली म्हनून.”

पंधरा वर्षं हा माणूस प्रत्येक गोधडीवर नाव-गाव का लिहून घेत होता, ते मला तेव्हा कळलं. एखाद्या पोराच्या आईचा टाका जुळेल, या आशेवर ते होते. त्याच सुमारास नांदेडला हातमागाच्या कापडांचं आणि हस्तकलांचं संग्रहालय उघडल्याचं पेपरात वाचलं. त्यात गोधड्यांचं वेगळं दालन होतं. रविवारी आम्ही एसटीनं निघालो. वाकळ पिशवीत, पिशवी अप्पांच्या मांडीवर.

संग्रहालय दाखवायला एक हसतमुख ताई होत्या. अर्ध्या तासात त्यांचं हसू मावळलं. पैठणीपाशी अप्पांनी विचारलं, कुनाच्या हातची? ताई म्हणाल्या, पैठणच्या विणकरांची. “समदे एकदम बसले व्हते?” लमाणी घागऱ्यावर लिहिलं होतं, ‘बंजारा समाज’. “बाई, अख्ख्या समाजानं एक घागरा शिवला?” हिमरूच्या शालीखाली कुणाचंच नाव नव्हतं, फक्त शतक होतं. अप्पांनी ते मला वाचायला लावलं आणि म्हणाले, “शतकाच्या हातची म्हना.” मी दुसऱ्या कपाटातल्या बिदरी सुरईकडे बघत राहिलो.

गोधड्यांच्या दालनाच्या दारात मात्र ते थांबले. चपला बाहेरच होत्या, तरी पाय पुसले. मग बाकावर आपली वाकळ अंथरली आणि ताईंना म्हणाले, “एवढं सांगा. कुठली हाय?”

ताई चांगल्या होत्या. गुडघे टेकून त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं. कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन, मध्यापर्यंत. “असे टाके खूप ठिकाणी घालतात, काका. गाव नाही सांगता येणार.” अप्पांचा चेहरा उतरला, तशा त्या घाईनं म्हणाल्या, “तुमच्याकडे कसे घालायचे? तुमच्या घरच्या वाकळीवर? निदान तुमच्या भागातली नाही, एवढं तरी कळेल.”

अप्पांनी वाकळीवर हात ठेवला.

“उभे टाके होते का? की असेच चौकोनात?”

“पांघरायचो, बाई,” अप्पा म्हणाले. “आमच्या घरची उन्हाळाभर दारात बसून शिवायची. मी तिला वलांडून जायचो शेताला. बगितलं न्हाई कदी.”

जगाला नाव-गाव विचारत फिरणारा हा माणूस वाकळीची घडी घालत होता, आणि घडी काही केल्या जमत नव्हती. मी पुढे होऊन दुसरं टोक धरलं. मला फार वाईट वाटलं. इथे आणलं नसतं तर बरं, असंही वाटलं.

दाराशी अभिप्रायाची वही होती. एरवी असल्या वह्यांकडे ढुंकूनही न बघणारे अप्पा तिथे थांबले. पेन मागितलं. बराच वेळ वाकून लिहीत होते. मी खांद्यावरून पाहिलं. बिब्ब्यानं लिहितात तशीच सुटी, ठसठशीत अक्षरं होती. नावाच्या रकान्यात ‘शिवगंगा बसलिंगप्पा’. गावाच्या रकान्यात जुन्या गावाचं नाव. अभिप्रायाच्या रकान्यात ‘वाकळा शिवायची’.

ताईंनी वही आपल्याकडे वळवून वाचली. “काका, इथे संग्रहालय बघायला आलेल्यांची नावं लिहितात,” त्या हळूच म्हणाल्या.

“म्हाईत हाय, बाई,” अप्पा म्हणाले. “दुसरीकडं कुठं जागा हाय का नावाला?”

शाई वाळेपर्यंत ताईंनी वही उघडीच ठेवली.