आक्कांचं मुकं जेवण

"सूनबाय, चातुर्मासात जेवताना तोंड फक्त घासासाठी. बोललीस की पानावरनं उठायचं, आन् उठताना पानात एक शीत दिसता कामा न्हाय."

सासूबाईंनी हे सांगितलं त्याला तीस वर्षं झाली. त्या देवाघरी गेल्या, आक्कांचं मुकं जेवण मात्र चालू राहिलं. या तीस वर्षांत जेवताना दूध उतू गेलं, पाहुणे येऊन परत गेले, एकदा तर मोरीत साप निघाला. आक्कांनी सापाकडे बोट दाखवलं आणि पुढचा घास घेतला. नियम कठीण नाही का, असं कोणी विचारलं की त्या म्हणत, "जेवायला लागतात किती? पंधरा मिन्टं. पंधरा मिन्टं गप बसायला काय लागतं?"

त्या रविवारी ते कळलं.

कोन गावच्या देवळाच्या सभागृहात संध्याकाळी ज्येष्ठांचा कार्यक्रम होता. प्रत्येक जोडप्यानं आयुष्यातला एक न विसरण्यासारखा प्रसंग मोबाइलसमोर सांगायचा, तो एक वाजायच्या आत ज्येष्ठांच्या ग्रुपवर पाठवायचा आणि संध्याकाळी सगळ्यांनी मोठ्या पडद्यावर बघायचा. नात पूर्वी तीन दिवस आजोबांच्या मागे लागली होती. आजोबा, म्हणजे आक्कांचे मालक केसरीनाथ, तीन दिवस प्रसंग निवडत होते. अखेर शेवटच्या दिवशी साडेबारा वाजता त्यांनी टोपी घातली आणि जाहीर केलं, "लग्नाची होडी सांगतो. सभागृहात मानसं रडतील बघ."

आक्कांनी नुकताच पहिला घास घेतला होता.

"आजी जेवतेय," पूर्वी म्हणाली.

"जेवू दे की. तिला कुठं बोलायचंय? मी हाय ना."

ते खुर्ची ओढून आक्कांच्या पाटाशेजारी बसले. पूर्वीनं मोबाइल धरला.

"एक्कावन वर्षं झाली," केसरीनाथ सुरू झाले. "खाडीच्या पल्याडनं नवरी घेऊन आमी होडीतनं येत होतो. आपल्या काठापासून शंभर पावलांवर ओहोटी लागली. होडी गालात, चिखलात रुतली. सगली गप. नवरी रडतेय..."

आक्कांचा घास हातातच राहिला. रडत कोण होतं?

"मी काय केलं? नवरीला उचलली खांद्यावर आन् तसाच गालातनं चालत काठावर आनली. घोट्याएवढा गाल, तो काय करतो आपल्याला?"

घोट्याएवढा? आक्कांनी डावा हात पाटापासून वर नेत नेत छातीला लावला. एवढा. एवढा होता गाळ आणि त्यात तुम्ही होता.

सून करिष्मा भाताच्या परातीजवळ बसली होती. तिनं तो हात पाहिला. "एवढा भात? आई, आज भूक आहे वाटतं," म्हणत तिनं तीन डाव भात वाढला.

आक्कांनी भाताकडे पाहिलं. पानात शीत ठेवायचं नव्हतं. त्या भराभर जेवू लागल्या.

"होडीत दुसरं कोणी नव्हतं का, आजोबा?" पूर्वीनं विचारलं.

"होती, तिची करवली गोदू होती. पन बायकांचं काय काम?"

आक्कांनी दोन बोटं वर केली. मग दोन्ही हातांनी दोर ओढून दाखवला. दोन बायका तुम्हाला होडीतून ढकलत होत्या आणि तिसरी समोरून ओढत होती.

"दोन भाकऱ्या," करिष्मा म्हणाली, "आणि बिरडं खालून ढवळून पाहिजे." भाकऱ्या आल्या. त्यांच्यावर बिरड्याच्या दोन वाट्या आल्या.

आता आक्कांचं पान शेतावरच्या गड्याचं दिसू लागलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात मुलगा मनोज पॉवरलूमवरची शिफ्ट संपवून घरात येत होता. "आईचं डोकं दुखतंय, बाम आना," तो दारातूनच म्हणाला आणि त्यानं स्वतः बाम चोळला. आक्कांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

केसरीनाथांनी ते पाणी पाहिलं आणि त्यांचा आवाज आणखी भरून आला. "बघ, पूर्वी. एक्कावन वर्षांनी पन तिला भरून येतं."

"आजी, तुला काही सांगायचंय का? लिहून देतेस?" पूर्वीनं पेन पुढे केलं. आक्कांनी उजवा हात दाखवला. उष्ट्या हातानं सरस्वतीला शिवणं हे बोलण्याहून वाईट. त्यांनी नुसती मान हलवली.

बोलून टाकावं, असं त्यांना वाटलं. एका शब्दाचा तर प्रश्न. बायजाबाई. दोर ओढणाऱ्या त्या तिसरीचं तेवढं नाव घेतलं असतं तरी पुरे होतं. पण तीस वर्षं गिळलेल्या त्या सगळ्या घासांची लाज वाटून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि जीव खाऊन जेवल्या. कधी जेवल्या नसतील इतक्या वेगानं. शेवटचं शीत उचललं, हात धुतले, चूळ भरली, वळल्या.

"पाठवला," पूर्वी म्हणाली. "बारा अठ्ठावन्न."

आक्कांनी तोंड उघडलं. पण आधी ढेकर आली, मग दुसरी, शेवटची थांबेपर्यंत पाच मिनिटं गेली आणि मोबाइल वाजला. ग्रुपवर गोदूचा आवाज आला होता. गोदू त्यांची लहानपणची मैत्रीण, लग्नातली करवली आणि आता याच गावची सून. पूर्वीनं आवाज मोठा केला.

"केसरीनाथ, मागं आक्का काय खुना करतेय त्या मना कलल्या बरं का. सांग सगल्यांना, गालात कोन होतं? नवे बूट दाखवायला उडी कोनी मारली? छातीपर्यंत गेलास आन् आईला हाका मारल्यास. आमी दोघींनी होडीतनं वल्ह्यानं ढकलला तुला. आन् ती गवतवाली बायजाबाई, ती गालावर भारे टाकत टाकत आली. गवताच्या दोरानं बांधून म्हशीसारखा ओढला तुला. बूट अजून खाडीत हायेत."

मनोजनं तोंडात घास नसताना चघळल्यासारखं केलं. करिष्मा परात घेऊन आत गेली आणि आत जाऊन हसली.

"बूट चांगले होते," केसरीनाथ म्हणाले.

आक्का त्यांच्यासमोर बसल्या. त्यांचा आवाज मुळातच हळू, पोट भरल्यामुळे तो आणखी हळू झाला होता.

"बुटांचं जाऊ द्या. तुमी उचललीत मला, असं सांगा हवं तर, माझी हरकत न्हाय. मला खांद्यावर बसायला मिलालं तेवढंच. पन बायजाबाईला तुमी काय बोललात ते आठवतं का?"

"काय?"

"दोर धरून तुमी बोललात, मला वर काढ, बाय, उद्याच्या पंगतीत पयलं पान तुझं."

केसरीनाथांनी टोपी काढली.

"ती आली होती दुसऱ्या दिवशी," आक्का म्हणाल्या. "लुगडं धुऊन नेसून. मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली. वाढप्यांनी तिला सांगितलं, कामाची मानसं मागनं बसतात. ती थोडा वेल थांबली आन् गेली. मी बघत होते. नवी नवरी, कोनाला हाक मारनार?"

"मना कोनी सांगितलं न्हाय."

"पयल्या पानावर कोन बसलं होतं, ते तरी दिसलं असंल."

केसरीनाथांनी बोटांवर पंगत मोजली. "शेजारच्या तात्यांचा मेव्हना," ते म्हणाले. "चार वेला भात घेतला त्यानं."

"हाय का ती अजून?" मनोजनं विचारलं.

"हाय. दापोड्याच्या पुढं पाड्यावर नातवाकडं. दात गेलेत, चालते मात्र काठी न घेता. मी दर वर्षी सांगते यांना, आपून जाऊया. हे दर वर्षी बोलतात, भात कापनी होऊ दे."

"जमीन विकून वीस वर्षं झाली," मनोज म्हणाला.

पूर्वीनं हळूच विचारलं, व्हिडिओ काढून टाकू का. "राहू दे," केसरीनाथ म्हणाले, "गोदूचा आवाज पन लाव त्याच्या मागं." आणि ते आत जाऊन आडवे झाले.

आक्काही ओटीवर टेकल्या. इतकं जेवल्यावर दुसरं काही शक्य नव्हतं. चारच्या सुमारास देवघरात वाटी पडल्याचा आवाज आला. त्यांनी डोळे किलकिले करून पाहिलं. एक्कावन्न वर्षांत देवघरातल्या वस्तूला हात न लावलेला माणूस खाली बसून तांदळाला कुंकू लावत होता. निम्मे तांदूळ जमिनीवर होते. उरलेल्या अक्षता त्यांनी आवतणासाठी कॅलेंडरच्या कागदात बांधल्या, पुडी सदऱ्याच्या खिशात ठेवली. सदऱ्याला लाल बोटं लागली ती त्यांना दिसली नाहीत.

"पाय मोकले करून येतो," ते डोळे मिटलेल्या आक्कांना म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

फाटकाशी रिक्षा थांबली.

"किधर, चाचा?"

"दापोडा. उसके आगे पाडे पे. जाना आना दोनों."

"बैठो पीछे आराम से."

"नहीं, मैं इधर तेरे बाजू में बैठता हूँ," केसरीनाथ म्हणाले आणि रिक्षावाल्याच्या शेजारी अंग चोरून बसले. "पीछे की सीट पोंछ के रख. आते टाइम एक बाई आएगी. पूरी सीट उसकी."