हेर घनश्यामची रीतभात

एका जंगलात, बाळांनो, वीज कधीमधीच असायची, पण टीव्ही मात्र होता. चिंचेखालच्या त्या टीव्हीवर दर रविवारी 'हेर घनश्याम' ही मालिका लागायची. फार जुनी. त्यात दार आपटलं की भिंत हलायची. घनश्यामने नकली मिशी लावली की त्याची सख्खी बायकोसुद्धा त्याला ओळखायची नाही. तरी सगळं जंगल श्वास रोखून बघायचं.

बाजीबा साळिंदराचा तर त्या मालिकेत जीव अडकला होता. तो स्वतः सिंहमहाराजांचा हेर होता ना! तो चालला की अंगावरचे काटे खुळखुळायचे आणि हेर येतोय हे साऱ्या रानाला कळायचं. पण बूट तर घनश्यामचेही करकरायचे. मग बिघडलं कुठे?

त्या उन्हाळ्यात एकच झरा उरला आणि त्याचंही पाणी घटू लागलं.

"बाजीबा, पाणी कोण अडवतंय ते शोधून काढ," महाराज म्हणाले. "झरा गेला तर पिल्लं तडफडून मरतील."

बाजीबा खुळखुळत गेला आणि लगेच पकडला गेला. झऱ्याच्या उगमाशी भैरू तरस धोंडे रचत होता. त्याच्या दोन कोल्ह्यांनी बाजीबाला वेलींनी करकचून बांधलं. बाजीबाला घरची पिल्लं आठवली.

"धनी, मारून टाकू याला," एक कोल्हा म्हणाला.

"असं कसं?" भैरू खवळला. "रविवारी झोपा काढता काय रे? आधी हसायचं. मग सगळा बेत सांगायचा. मग कैद्याला एकटं सोडून जायचं. काही रीतभात आहे की नाही?"

तो पोट धरधरून हसला. उद्या सूर्य माथ्यावर आला की शेवटचा धोंडा टाकणार आणि थेंबाथेंबासाठी जंगलाला नाक घासायला लावणार, हे त्याने सविस्तर सांगितलं. मग कोल्ह्यांना घेऊन निघून गेला. बाजीबाने काट्यांनी वेली कापल्या आणि धूम ठोकली.

"महाराज, आत्ताच्या आत्ता चला!"

"आत्ता?" महाराजांनी कपाळाला हात लावला. "अरे, घनश्याम कधी आधी पोचलाय का? शेवटच्या क्षणी जायचं असतं."

बाजीबा पाया पडला. जन्मात पहिल्यांदाच त्याला त्या मालिकेचा राग आला. दुसऱ्या दिवशी सूर्य माथ्यावर आला, कलला, तेव्हा कुठे दरबार हलला. बाजीबा वाटभर रडत धावला.

उगमाशी भैरू शेवटचा धोंडा डोक्यावर धरून उभा होता. त्याचे पाय लटपटत होते.

"कुठे मेला होतात सगळे?" तो खेकसला. "मी एकट्याने किती वेळ थांबायचं?"

"जरा उशीरच झाला," महाराज ओशाळून म्हणाले.

तेवढ्यात धोंडा निसटून भैरूच्याच पायावर पडला. दरबाराने टाळ्या पिटल्या. बाजीबाने मात्र तोंड पाण्यात घातलं आणि पोट फुटेस्तोवर तो पीत राहिला.

तात्पर्य : आपण शहाणं असण्याची काही गरज नाही, शत्रूला मात्र चांगल्या मालिकांचं वळण लावावं.