मान खाली घालून

"मोबाइलवर फोटो काढायचा नाही," गाडीतून उतरता उतरता निरीक्षकांनी बायकोला तिसऱ्यांदा बजावलं. "मोबाइलचा फोटो हा फोटो नसतो. ती अफवा असते."

"बरं," बायको म्हणाली आणि तिनं थर्मासची पिशवी खांद्याला लावली.

निरीक्षक खरं तर आता निरीक्षक राहिले नव्हते. वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. पण बत्तीस वर्षं लोकांच्या तागड्या तपासलेल्या माणसाचा हात असा एका दिवसात थांबत नाही. शेजारीपाजारी आणि सासुरवाडीचे लोक त्यांना अजून निरीक्षकच म्हणत, आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानात नुसते आगपेटी घ्यायला शिरले तरी दुकानदार उगीचच तराजूवर फडकं मारी.

निवृत्तीच्या पैशातून त्यांनी एक कॅमेरा घेतला होता. बंद पडलेल्या एका स्टुडिओतला, स्वतः निरीक्षकांच्याच वयाचा. काळी उभी पेटी, पुढे एकावर एक अशी दोन भिंगं. खालच्या भिंगातून फोटो निघे आणि वरच्यातून नुसतं बघता येई, तेही डोळ्याला लावून नव्हे. पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरायची, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून आतल्या काचेत पाहत राहायचं. तिथे जे दिसे ते डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं झालेलं असे. एका रोलवर फोटो बाराच. रोल आता मिळत नसत. स्टुडिओवाल्यानं जाता जाता दिलेला शेवटचा रोल सहा महिने घरच्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात होता, आणि 'त्या कप्प्याला हात लावायचा नाही' या हुकमामुळे घरात सहा महिने टोमॅटो बाहेर सडत होते.

तो रोल आज बाहेर निघाला होता, कारण काम आत्याबाईंचं होतं. आत्याबाई म्हणजे बायकोच्या वडिलांची बहीण, वय वर्षं नव्वद. त्यांचा थोरला भाऊ एकोणिसाव्या वर्षी युद्धावर गेला तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. पुढे एक तार आली, एवढंच. त्याला कुठे पुरलं, हे घरात कुणाला कधी कळलं नाही. या वर्षी नातवानं कुठल्याशा यादीत त्याचं नाव शोधून काढलं: या दफनभूमीत, नववी रांग, चौदावा दगड. आत्याबाईंना आता प्रवास झेपत नव्हता. एक डोळा गेलेला होता आणि दुसऱ्याची डॉक्टरांनी वर्षअखेरीपर्यंतची मुदत दिली होती.

"दगडाचा एक फोटो आणा, जावईबापू," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "नीट काढा. नाव वाचता आलं पाहिजे. दिसतंय तोवर तेवढं बघून घेते."

नीट हा शब्द त्यांनी योग्य माणसाजवळ उच्चारला होता. निरीक्षकांनी महिनाभर बाल्कनीत फुलदाणीसमोर सराव केला, आणि आज सहा तासांचा प्रवास करून ते दुपारी दोन वाजता नवव्या रांगेत उभे राहिले.

दफनभूमी मोठी, नीटनेटकी होती. एका मापाचे पांढरे दगड एका मापाच्या अंतरावर उभे होते. निरीक्षकांनी पावलं टाकून अंतर मोजून पाहिलं आणि ते मनोमन खूश झाले. दगडांच्या पलीकडे, दहाव्या रांगेमागे एक बाक होता. बायको तिथे जाऊन बसली. निरीक्षकांनी कॅमेरा छातीशी धरला, झाकण उघडलं आणि मान खाली घातली.

पहिली वीस मिनिटं ढगानं खाल्ली. ढग गेला तेव्हा दगडावर त्यांच्याच डोक्याची सावली पडली. ते थोडं डावीकडे सरकले तर काचेत दगड भलत्याच बाजूला पळाला, म्हणून ते उजवीकडे सरकले. मग चष्म्यावर घाम आला. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा मान खाली घातली. दुसरा ढग आला. निरीक्षकांना घाई नव्हती. चुकीच्या मापाचं काम करण्यापेक्षा उभं राहिलेलं बरं, हे त्यांचं जुनं तत्त्व होतं.

हे सगळं पाठमोरं पाहिलं की वेगळं दिसत होतं. आणि ते पाहणारा पहिला माणूस म्हणजे गवत कापणारा माळी. पाऊण तास एका दगडासमोर मान खाली घालून उभा असलेला, मधूनच डोळे पुसणारा म्हातारा पाहून त्याला आपल्या यंत्राच्या आवाजाची लाज वाटली. त्यानं यंत्र बंद केलं, टोपी काढली आणि एका माणसाला एकट्यानं दुःख करू देऊ नये म्हणून तो दगडाच्या बाजूला येऊन उभा राहिला.

काचेच्या उजव्या कडेला निरीक्षकांना दोन बूट दिसले. बोलून हाकलणं बरं दिसलं नसतं, म्हणून बूट जायची वाट पाहत ते थांबले. इकडे माळी त्यांचं दुःख आवरायची वाट पाहत थांबला. दोघेही सभ्य होते, त्यामुळे दहा मिनिटं काहीच घडलं नाही.

त्याच सुमारास फाटकापाशी एक बस थांबली. ज्येष्ठ नागरिकांची सहल होती. तिचं या दफनभूमीशी काही देणंघेणं नव्हतं. इथलं स्वच्छतागृह चांगलं आहे असं ड्रायव्हरला कुणीतरी सांगितलं होतं. पण काम उरकून परतताना लोकांना दोन माणसं मान खाली घालून उभी दिसली, आणि चालू कार्यक्रमाकडे पाठ करून बसमध्ये चढणं कुणालाच जमेना. सहलप्रमुख बाई निवृत्त पीटी शिक्षिका होत्या. त्यांनी हाताच्या दोन खुणांत सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं.

"कोण गेलं?" मागल्या ओळीतल्या एका आजोबांनी कुजबुजत विचारलं.

"फार वर्षांपूर्वी गेलेत," शेजारच्या आजी म्हणाल्या. "दगडावर लिहिलंय."

"मग अजून एवढं?"

"माया असते एकेकाची."

"आणि हातात काय आहे त्यांच्या? काळी पेटी दिसतेय."

"अस्थी असणार."

"कुणाच्या?"

आजींनी पलीकडे बाकावर थर्मासमधून चहा ओतून घेणाऱ्या बाईंकडे पाहिलं. "बायकोच्या नाहीत," त्या म्हणाल्या.

निरीक्षकांना यातलं काही ऐकू आलं नाही, कारण त्यांच्या काचेत बूट अजून होते. बूट टाळायला ते दोन पावलं डावीकडे सरकले. त्यांच्यामागून अडतीस ज्येष्ठ नागरिक दोन पावलं डावीकडे सरकले. डाव्याचं उजवं होतं हे आठवून निरीक्षक दोन पावलं उजवीकडे आले. सगळे उजवीकडे आले. "पद्धत असेल त्यांच्यात," आजोबा म्हणाले.

दफनभूमीचे व्यवस्थापक कार्यालयाच्या खिडकीतून हे पाहत होते. नवव्या रांगेत कार्यक्रम चालू आहे, पाहुणे रांगेत उभे आहेत, आणि आपल्याला वरून एका ओळीचं पत्र नाही. त्यांनी घाईघाईनं कोट चढवला, दुसऱ्या दिवशीच्या एका समारंभासाठी आणून ठेवलेलं पुष्पचक्र उचललं आणि आधी बाकाकडे आले.

"बाई, आज कुणाचा कार्यक्रम आहे?"

"माझ्या थोरल्या काकांचा."

"आणि ते समोर उभे आहेत ते?"

"आमचे हे."

"फार मनाला लावून घेतलंय त्यांनी."

"घरीही असंच करतात," बायको म्हणाली. "महिनाभर बाल्कनीत असेच उभे होते."

व्यवस्थापकांनी पुष्पचक्र छातीशी धरलं. तेवढ्यात सहलप्रमुख बाईंनी पुढे होऊन त्यांच्या कानात पेटीबद्दल सांगितलं, आणि पुष्पचक्र पुन्हा खाली आलं. कारण परवानगीशिवाय कुणाच्याही अस्थी इथे ठेवायला मनाई होती; तशी पाटीच फाटकावर होती. माणूस म्हणून त्यांना त्या म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवायचा होता आणि व्यवस्थापक म्हणून पेटी जप्त करायची होती. इकडे आड तिकडे विहीर. ते पुष्पचक्र धरून दगडाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले आणि योग्य क्षणाची वाट पाहू लागले.

योग्य क्षण निरीक्षकांचा आधी आला. ढग बाजूला झाला. दगडावर तिरपं, स्वच्छ ऊन पडलं आणि नावाचं एकेक अक्षर उठून दिसलं. काचेत उजवीकडे बूट, डावीकडे पॉलिश केलेले जोडे, पण मधला दगड अगदी मोकळा. निरीक्षकांनी श्वास रोखला आणि खटका दाबला. टिक असा बारीक आवाज झाला. फोटो निघाला होता, आणि त्यांना आतून कळलं की तो नीट निघाला होता. त्यांचे खांदे सैल पडले, मोठा सुस्कारा बाहेर आला. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मागच्या ओळीत दोन आजींना हुंदका फुटला.

निरीक्षकांनी वळून पाहिलं आणि ते जागच्या जागी थिजले. काय विचारावं हे सुचायच्या आत व्यवस्थापक पुढे आले. "साहेब, आधी पुष्पचक्र वाहा," ते हळुवारपणे म्हणाले. "पेटी द्या माझ्याकडे. मी धरतो."

एवढ्या लोकांसमोर पुष्पचक्र नको म्हणणं शक्य नव्हतं. निरीक्षकांनी कॅमेरा दिला, पुष्पचक्र घेतलं आणि ते वाकले. ते वाकलेले असताना व्यवस्थापकांनी कर्तव्य म्हणून पेटीची खिट्टी फिरवली आणि मागचं झाकण सताड उघडलं. ऊन थेट आत गेलं. आत एका रिळावरून दुसऱ्या रिळावर गेलेली पट्टी होती. बाकी काही नव्हतं.

"यात तर काहीच नाही," व्यवस्थापक म्हणाले.

निरीक्षक उभे राहिले. त्यांनी झाकणाकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं.

"आता नाही," ते म्हणाले.

मग सगळा उलगडा झाला. माळ्यानं टोपी घातली, आणि तो यंत्राकडे गेला तरी यंत्र सुरू करायची त्याला हिंमत होईना. व्यवस्थापकांनी चार वेळा क्षमा मागितली आणि पाचव्या वेळी दुसऱ्या दिवशीचं पुष्पचक्र परत मिळेल का असं विचारलं. सहलीतले लोक आपल्याला काही माहीतच नव्हतं अशा चेहऱ्यानं बसकडे निघाले. निरीक्षक ऊन लागून वाया गेलेल्या रोलसकट कॅमेरा घेऊन बाकावर बायकोशेजारी बसले. त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते कॅमेऱ्याबद्दल नव्हतं. नव्वद वर्षांच्या बाईनं आयुष्यात एक गोष्ट मागितली होती.

"दुसरा रोल नाही," ते म्हणाले. त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण बंद केलं. "तुझा मोबाइल आणलायस ना? काढ एक."

"मी मघाशीच पाठवला," बायको म्हणाली.

"काय?"

"फोटो. आत्याच्या सुनेला. तुम्ही दगडाचा काढू नको म्हणाला होतात. मी गर्दीचा काढला."

निरीक्षकांनी मोबाइल हातात घेऊन पाहिलं. फोटो बाकावरून काढलेला होता. एक माळी, एक व्यवस्थापक, रांगेत अडतीस म्हातारी माणसं, मधोमध मान छातीपर्यंत खाली घातलेले ते स्वतः, आणि त्या सगळ्यांपुढे दगडाची कोरी पाठ.

"यात नाव कुठंय?" ते म्हणाले. "नावच वाचायचं होतं त्यांना. ऊठ, पुढून एक काढू."

ते दोघं दगडापाशी पोचतात तोच फोन वाजला. आत्याबाई होत्या. बायकोनं फोन स्पीकरवर टाकला. सुनेनं फोटो टीव्हीवर मोठा करून दाखवला होता.

"आत्याबाई, नाव दिसत नाही त्यात," निरीक्षकांनी घाईनं सुरुवात केली. "माझी चूक झाली. आता लगेच दुसरा—"

"नाव मला पाठ आहे, जावईबापू," आत्याबाई म्हणाल्या. "माणसं किती आहेत हो? मला एक्केचाळीस दिसली. दोनदा मोजली."

निरीक्षकांनी मनात बेरीज केली. "बरोबर आहे. एक्केचाळीस."

"आई जाईपर्यंत म्हणायची, माझं पोर परक्या मातीत एकटं पडलंय, त्याच्यापाशी उभं राहायलाही कुणी नसेल." पलीकडे त्यांनी सुनेला 'फोटो राहू दे' असं सांगितल्याचं ऐकू आलं. "एवढी माणसं. आई नको होती का बघायला?"

बायकोनं तोंड वळवलं आणि ती पदरानं थर्मास पुसू लागली.

"आणि तुम्ही," आत्याबाई म्हणाल्या. "तुमच्या लग्नात मी हिच्या आईला म्हणाले होते, माणूस हुशार आहे पण लाकूड आहे. ते मागं घेते. ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी एवढं वाकून कोण रडतं हो?"

निरीक्षकांनी खुलासा करायला तोंड उघडलं. वरचं भिंग, खालचं भिंग, काच, सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं. बायको त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तोंड मिटलं.

"पुढच्या वर्षीही जा," आत्याबाई म्हणाल्या. "मला दिसेल न दिसेल, सून मोजून सांगेल. माणसं तेवढी कमी करू नका."

निरीक्षकांनी फोन ठेवला. फाटकाकडून बस सुरू झाल्याचा आवाज आला आणि ते पळाले. बत्तीस वर्षांत पळून जाणाऱ्या दुकानदारामागेही ते कधी पळाले नव्हते. कॅमेरा पोटावर आपटत होता. बसच्या दारावर त्यांनी थाप मारली. सहलप्रमुख बाईंनी दार उघडलं.

"पुढच्या वर्षी सहल निघणार आहे?" निरीक्षकांनी धापा टाकत विचारलं.

"निघते की. का?"

"इथं थांबाल का? आमच्या काकांपाशी. अडतीस जण लागतील, कमी चालणार नाहीत."

बाईंनी मागे वळून बसमध्ये विचारलं. आत थोडी कुजबुज झाली.

"येऊ म्हणतायत," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही एवढं रडायचं नाही. आमच्यातल्या सहा जणांना ब्लडप्रेशर आहे."

निरीक्षकांनी तसं कबूल केलं.