दोन राउटर आणि आत्याचं एक नाव

गुरुदास हे जामसंड्यातले एकमेव गुप्तहेर. ही गुप्त गोष्ट सगळ्या जामसंड्याला ठाऊक होती, कारण ती त्यांनीच घरोघरी सांगितली होती. वह्या-पेन्सिलींचं दुकान हा निव्वळ देखावा, खरा धंदा बुद्धीचा, असं ते म्हणत. देखावा बरा चालला होता.

त्या रविवारी मात्र प्रकरण घरातच निघालं. बायको शर्मिष्ठा पाय मोडून मागच्या खोलीत पडलेली. मस्कतला तिच्या भावाच्या, निकेतच्या मुलीचं बारसं, आणि आत्या ही एकटीच. बाळाला पाहता यावं म्हणून नाव लॅपटॉपवरून ठेवायचं ठरलं होतं. पण इंटरनेट पुढच्या खोलीत, आणि मधल्या चिऱ्याच्या भिंतींपुढे त्याने हात टेकलेले. म्हणून गुरुदासांनी दुसरा राउटर आणला.

"एकुलत्या भावाचा पयलाच पोर," शर्मिष्ठा म्हणाली. "दुसऱ्या कोणी नाव ठेवला तर मी जल्मभर रडान."

"निश्चिंत राहा!" प्रकरण हातात असलं की गुरुदास पुस्तकी मराठी बोलत. "हं! दोन्ही राउटरांचा पत्ता एकच! म्हणजे एक तोतया!" त्यांनी नव्याचा पत्ता बदलला. घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारा एकच बरा, म्हणून नव्याचं ते कामही बंद केलं. हे अगदी बरोबर होतं. सोबतच्या कागदावर तसंच छापलेलं होतं.

वायर खोचली. दिवे हिरवेगार लुकलुकले. इंटरनेट येईना.

गुरुदासांनी मदतनिसाकडे, शेजारच्या होडीवाल्या बाबूकडे, रोखून पाहिलं. "हात दाखव. खाऱ्या पाण्याने वायर गंजली."

"मेल्या, आज मी होडयेकडे गेलंयच नाय! सकाळपासून तुझ्याच वायरीपाठी आसंय!"

"मग जुना राउटर जळतो आहे. घरात सवत आली की..." बायकोचा चेहरा पाहून त्यांनी हा तर्क मागे घेतला.

एवढ्यात निकेतचा फोन आला. "ताई, पाहुणे खोळंबलेत. इथल्या एक काकू विचारतायत, त्यांनी नाव ठेवलं तर चालेल का?"

शर्मिष्ठाने फोन छातीशी धरला. तिचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा गुरुदासांना एकही तर्क सुचेना.

डोळे पुसता पुसता तिने वायरीकडे पाहिलं. "अवो, हेचा एक टोक खंय आसा?"

"हे काय, नव्या राउटरमध्ये."

"आणि दुसरा?"

गुरुदासांचं बोट एका भोकावरून निघालं आणि त्याच राउटरच्या शेजारच्या भोकावर थांबलं. बाकीचं अख्खं वेटोळं खाटेखाली पडलं होतं.

"माका वाटला पुढचा टोक तू लावलंस!" गुरुदासांची पुस्तकी मराठी पळाली.

"आणि माका वाटला तू लावलंस!" बाबूने कपाळ बडवलं. "होडयेचो दोर होडयेकच बांधलो रे आमी!"

दोघं खिडकीतून वायर ओढत पुढे धावले. टोक जुन्या राउटरात गेलं आणि लॅपटॉपवर मस्कत उगवलं. शर्मिष्ठा पडद्याशी वाकली. "कुर्र... आनंदी." ते तिच्या वारलेल्या आईचं नाव. निकेत तिकडे मुसमुसला, गुरुदासांनी इकडे नाक पुसलं.

"एवढा उशीर का झाला, भावोजी?" निकेतने विचारलं.

"फार गुंतागुंतीचं प्रकरण होतं," गुरुदास म्हणाले.

भाचीला शर्मिष्ठाने एकच नाव ठेवलं. नवऱ्याला मात्र ती जेवणं होईपर्यंत नावं ठेवत होती, आणि त्यातलं एकही गुरुदासांना खोडून काढता येईना.